‘मायक्रोवेव्हमध्ये विषाणू मरतात ना, मॅडम?’

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या कामात इतक्या जणांनी मला विचारला आहे, की आता तो ऐकताच मी आधी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते. काहींना खरोखरच माहिती हवी असते. ती मिळाली की विषय संपतो. काहींना मात्र तीच माहिती पुन्हा पुन्हा हवी असते आणि दर वेळी ती थोडी कमीच पडते. अशा एका गृहस्थांची हकिगत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, येथे देत आहे.

२०२० साली करोनाच्या साथीत त्यांना वस्तू मायक्रोवेव्हमध्ये तापवून घेण्याची सवय लागली आणि साथ ओसरल्यावरही ती सुटली नाही. आधी उरलेले अन्न, मग बाहेरून आलेले प्रत्येक अन्न, पुढे मास्क आणि शेवटी टपालाने आलेले कागद, असे करत घरातले जवळजवळ सगळेच मायक्रोवेव्हमधून जाऊ लागले. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. पाकीट एरवी जसेच्या तसे होते. फक्त एका कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेभोवती नखाएवढा तपकिरी डाग पडला होता आणि पिनेच्या टोकांशी कागद काळा पडून उचकटला होता. ते म्हणाले, “ठिणगी उडाली. बायको ओरडली. पण मला वाटलं, चला, निदान तेवढ्या जागेवरचा विषाणू तरी मेला.”

अशा वेळी नुसता धीर द्यावा, शास्त्रीय चर्चेत शिरू नये, असे माझ्या काही सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते पटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते, आणि एखादी समजूत वास्तवावर घासून पाहायची तर आधी ते वास्तव समोर असावे लागते. म्हणून पहिल्या भेटीत मी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले.

घरगुती मायक्रोवेव्हमधील लहरींची वारंवारिता २४५० मेगाहर्ट्झ असते. या लहरींमध्ये रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, त्यामुळे विषाणूला थेट मारणारा असा कोणताही खास गुण त्यांच्यात नाही. त्या अन्नातील पाण्याच्या रेणूंना हलवतात, त्यातून उष्णता निर्माण होते आणि विषाणू निष्क्रिय होतो तो या उष्णतेने. गॅसवर अन्न तापवल्यावर होतो तसाच. कोरड्या कागदात आणि कोरड्या मास्कमध्ये तापायला पुरेसे पाणीच नसते. मास्कच्या नाकावरची तार किंवा कागदाची पिन मात्र ठिणगी पाडू शकते. २००७ साली फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी स्वयंपाकघरातील ओला स्पंज मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटे तापवल्यास त्यावरील ९९ टक्क्यांहून अधिक सूक्ष्मजीव नष्ट होतात असे दाखवले, आणि त्याची बातमी वाचून काहींनी कोरडेच स्पंज आत ठेवले, ते जळले. ओला आणि कोरडा यांतला हा फरक ज्याला कळला, त्याला मायक्रोवेव्ह कळला.

अन्नाबाबत नियम साधा आहे. करोनाचा विषाणू उष्णतेपुढे फार टिकत नाही. प्रयोगशाळेत ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवात तो पाच मिनिटांत निष्क्रिय झालेला आढळला. काविळीचा हिपॅटायटिस ए आणि जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस हे विषाणू अधिक चिवट असतात. उरलेले अन्न मध्यभागी ७४ अंशांपर्यंत तापावे, असा सर्वसाधारण निकष आहे. अडचण अशी, की मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखे तापवत नाही. कडेला अन्न उकळत असते तेव्हा मध्ये ते कोमटही असू शकते. म्हणून झाकण ठेवावे, मधे एकदा थांबवून ढवळावे आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटे तसेच झाकून ठेवावे. कागद हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. तेवढे पुरे.

हे सारे त्यांनी वहीत उतरवून घेतले. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा पाच मिनिटांची आठ झाली होती, त्यानंतरच्या भेटीत बारा, आणि अन्न कडक होऊन ताटात तसेच पडू लागले होते. मी दिलेली माहिती चुकीची नव्हती, पण त्यांच्या मनात गेल्यावर तिचे नव्या शंकांत रूपांतर होत होते. ‘चिवट’ हा माझाच शब्द त्यांनी वहीत दोनदा अधोरेखित केला होता.

चौथ्या भेटीत त्यांनी पुन्हा विचारले, “मॅडम, बारा मिनिटांत नक्की मरतो ना?” या वेळी मी उत्तर दिले नाही.

“बारा मिनिटांनी तुम्ही थांबता, ते कशावरून?” मी विचारले.

“म्हणजे... झालं असं वाटतं तेव्हा.”

“अन्नाकडे पाहून वाटतं?”

ते बराच वेळ गप्प होते. मग छातीवर हात ठेवून हळूच म्हणाले, “नाही. इथली धडधड कमी झाली, की बंद करतो.”

त्या एका वाक्यासाठी आम्ही चार आठवडे घालवले होते, आणि ते त्यांच्याच तोंडून आले याचे समाधान मला आजही आहे. अन्न तापले की नाही हे ते अन्नावरून ठरवतच नव्हते, आपल्या भीतीवरून ठरवत होते. आणि भीती तर दर वेळी थोडी जास्त वेळ मागते. त्यांना माहिती नव्हे, शंभर टक्के खात्री हवी होती, आणि ती ना मी देऊ शकत होते, ना विज्ञान. मला स्वतःलाही त्या दिवशी एक गोष्ट स्पष्ट झाली: पहिल्यांदा दिलेले उत्तर ही मदत असते, पण तेच उत्तर पाचव्यांदा दिले तर ते आजाराला खतपाणी ठरते.

पुढचे काम कष्टाचे होते, पण सरळ होते. अन्नाचे तापमान मोजण्याचा तापमापक आणला. मध्यभागी एकदाच मोजायचे, ७४ दिसले की धडधड असो वा नसो, जेवायला बसायचे. दोन आठवड्यांनी तापमापकही कपाटात ठेवायला सांगितला, कारण त्याचीही सवय लागण्याची चिन्हे दिसू लागली होती. त्यांच्या पत्नीला मी एकच विनंती केली, की ‘गरम झालंय ना?’ या प्रश्नाला दिवसातून एकदाच उत्तर द्यावे आणि नंतर प्रेमाने, न रागावता, गप्प राहावे. घरच्यांना हेच सर्वांत जड जाते, कारण ‘हो’ म्हणणे ही माया वाटते. ज्यांच्या घरी अशा तपासण्यांत रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ जातो, त्यांनी समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञांची भेट घेण्यास उशीर करू नये.

नवव्या भेटीत त्यांनी सांगितले, की आदल्या दिवशी आलेले पाकीट त्यांनी दारातच फाडले, उभ्यानेच वाचले आणि मग हात धुतले. “धडधड होती?” मी विचारले. “होती,” ते म्हणाले, “पण पत्र बहिणीचं होतं. वाचता वाचता कधी थांबली, लक्षात नाही.”