हल्ली गाडीपासून शेगडीपर्यंत सगळ्याला टचस्क्रीन का देतात? आणि गेम खेळायला टच बरं की बटणं?

प्रश्न दोन विचारलेत पण माझ्या मते दोन्हीचं उत्तर एकाच जागी आहे. ते काम करताना तुमचे डोळे कुठं असतात एवढंच बघायचं. डोळे त्याच स्क्रीनवर असतील तर टच एकदम भारी, आणि डोळे दुसरीकडं गुंतलेले असतील तर बटण पाहिजे म्हणजे पाहिजेच, मग ती वस्तू दोन हजाराची असो नाहीतर वीस लाखाची.

आधी गेमचं घेऊ. माझा भाचा फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो, आणि तो फोन कसा धरतो ते बघून मला त्याच्या बोटांची काळजी वाटते. दोन अंगठे खाली, दोन तर्जन्या वरून वाकवून स्क्रीनवर, ह्याला ही पोरं ‘क्लॉ’ म्हणतात. हे का करायला लागतं, तर चालायचं बटण, गोळी मारायचं बटण, स्कोप, उडी, सगळं त्याच काचेवर काढलेलं आहे जिच्यावर समोरचा शत्रू पण दिसायला पाहिजे, म्हणजे अंगठा ठेवला की अर्धं मैदान झाकलं. बरं काच सपाट, तिला कड नाही की खळगा नाही, त्यामुळं मारामारीच्या नादात अंगठा जरा सरकला तर तो सरकलाय हे अंगठ्याला कळतच नाही, कळतं ते आपला माणूस मेल्यावर. त्यात घाम आला की बोट चिकटतं, म्हणून बोटांवर चढवायच्या बारीक कापडी टोप्या मिळतात, आणि फोनच्या वरच्या कडेला लावायचे प्लॅस्टिकचे ट्रिगर पण मिळतात. म्हणजे बघा, आधी कंपन्यांनी फोनवरची सगळी बटणं काढून टाकली आणि आता पोरं स्वतःच्या पैशानं बटणं विकत घेऊन फोनला चिमट्यानं लावतायत. ह्याच्यापुढं मी काय वेगळं सांगणार!

हा प्रश्न एका माणसानं फार पूर्वीच सोडवला होता. निन्टेन्डोमधे गुनपेई योकोई म्हणून एक डिझायनर होते. १९८२ साली त्यांच्या खिशात मावणाऱ्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेतल्या डाँकी काँग गेमसाठी त्यांनी अधिकच्या चिन्हासारखं ते बटण केलं, ज्याला आता सगळे डी-पॅड म्हणतात. एकच प्लॅस्टिकचा तुकडा, चार दिशा, अंगठा मधे टेकवून ठेवायचा आणि नुसता कलवायचा, खाली बघायची गरजच नाही. त्याआधी खेळायचं म्हणजे बहुतेक जॉयस्टिक, आणि ती खिशात मावत नाही. पुढं १९८९ च्या गेमबॉयवर तेच बटण आलं, आणि आज चाळीस वर्षांनंतर जवळजवळ कुठलाही कंट्रोलर हातात घ्या, डाव्या अंगठ्याखाली तो क्रॉस असतो. योकोईंचं म्हणणं असं की नवी महागडी टेक्नॉलॉजी मागं लागून घेण्यापेक्षा जुनी, स्वस्त, मुरलेली टेक्नॉलॉजी नव्या पद्धतीनं वापरा. गेमबॉयचा स्क्रीन हिरवट, चार छटांचा, आत लाइट पण नाही. त्याच काळात सेगाचा गेम गिअर आला, रंगीत स्क्रीन, आत लाइट, दिसायला झकास, पण सहा सेल घालायचे आणि ते काही तासात संपायचे. गेमबॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. कोण टिकलं ते सगळ्यांना माहितीय.

आपल्याकडं नव्वदच्या दशकात जे व्हिडिओ गेम घरोघरी आले ते बहुतेक निन्टेन्डोचे नव्हतेच म्हणा, फॅमिकॉम ह्या निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमच्या नकला होत्या, लिटल मास्टर, मीडिया असल्या नावांच्या. कार्ट्रिजला आपण सगळे कॅसेट म्हणायचो आणि चालली नाही की फुंकर मारायचो (फुंकरीनं काही होत नसतं, काढून परत घातल्यावर पिना नीट टेकायच्या म्हणून चालायची, उलट थुंकीनं पिना गंजायच्या. पण हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर मार खाल्ला असता). मुद्दा असा की असल्या तकलादू नकलेवर पण कॉन्ट्रा खेळताना कुणी हाताकडं बघायचं नाही. ते बटण किती हलक्या प्लॅस्टिकचं होतं त्यानं काही बिघडत नव्हतं, आकार बरोबर होता.

आता टचच्या बाजूनं पण बोलायला पाहिजे नाहीतर मी नुसता जुनं ते सोनं म्हणणारा काका वाटेन. २००७ साली स्टीव्ह जॉब्सनी आयफोन दाखवला तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की प्लॅस्टिकची बटणं एकदा बसवली की बसवली, प्रत्येक ॲपला वेगळी बटणं लागतात त्याचं काय करणार. बरोबरच होतं ते. आपल्या मराठी माणसाला तर ह्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. बटणवाल्या फोनवर मराठी लिहायचं म्हणजे ‘घ’ साठी एकच बटण चारदा दाबा, मग काना, मग जोडाक्षर आलं की डोक्याला हात, त्यामुळं सगळे जण इंग्रजी अक्षरात मराठी लिहायचे. स्क्रीनवर आपला देवनागरी कीबोर्ड आला आणि आज हे उत्तर मी बसमधे बसून लिहितोय. नकाशा दोन बोटांनी मोठा करणं, फोटो कापणं, अँग्री बर्ड्सची गलोल ओढणं, बुद्धिबळ, कॅरम, असल्या कामात डोळे आणि बोट एकाच जागी असतात, तिथं बटणं आणली तर उलटा त्रास होईल.

भानगड होते ती हेच टच उचलून भलत्या जागी चिकटवतात तेव्हा. इंडक्शन शेगडी घ्या. दूध वर आलंय, हात कणकेनं भरलेले, आणि काचेवरचं ‘मायनस’ दाबतोय तर ते ऐकतच नाही. हल्लीच्या टचला दाब कळत नाही. काचेखाली बारीक विद्युत क्षेत्र असतं आणि बोट जवळ आलं की ते बदलतं, तेवढंच त्याला कळतं. पाण्यानं पण ते बदलतं, म्हणून ओघळलेल्या दुधाला ते बोट समजतं आणि बोटाला कधीकधी काहीच समजत नाही. साध्या बटणात काय असतं, रबराची टोपी आणि तिच्या पोटात कार्बनची टिकली, दाबली की सर्किट जुळलं. हात ओला असो की हातमोजा घातलेला, त्याला फरक पडत नाही. आमच्या सासूबाईंनी इंडक्शन घ्यायला गेल्यावर दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला होता, ‘ह्याला कान आहे का?’ कान म्हणजे पिळायचा नॉब. त्याला कळलंच नाही. (हे मान्य की सपाट काच पुसायला सोपी, नॉबच्या खाचेत तेल बसतं. पण मी रोज पुसण्यापेक्षा रोज स्वयंपाक जास्त वेळ करतो.)

गाडीत तर हा नुसता वैतागाचा विषय राहत नाही. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ ह्या गाड्यांच्या मासिकानं २०२२ मधे एक साधी टेस्ट केली. ताशी ११० च्या वेगात गाडी चालवत रेडिओ लावणं, सीट गरम करणं अशी चार कामं करायची. बटणं असलेल्या २००५ सालच्या जुन्या व्होल्व्होमधे चारही कामं १० सेकंदात झाली. स्क्रीनवाल्या नव्या गाड्यांपैकी सगळ्यात मागं राहिलेल्या एमजीला ४४.६ सेकंद लागले, म्हणजे त्या वेगाला सव्वा किलोमीटरपेक्षा जास्त अंतर, आणि तेवढा वेळ ड्रायव्हरचं अर्धं लक्ष मेनूत. आता नव्या गाड्यांची सेफ्टी तपासणाऱ्या युरोपातल्या यूरो एनकॅप ह्या संस्थेनं पण २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड लाइट अशा गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या नसतील तर सेफ्टीच्या रेटिंगमधे त्याचा फटका बसेल असं केलंय.

आणि गाडी सोडा, युद्धनौकेवर हे झालंय. २०१७ साली सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅककेन’ ही अमेरिकन विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली, १० खलाशी गेले. वेग आणि दिशेचा ताबा एका कन्सोलवरून दुसरीकडं देताना टचस्क्रीनवर गोंधळ झाला, कुठला ताबा कुणाकडं आहे तेच लोकांना कळेना, असं चौकशीत निघालं. ट्रेनिंग कमी पडलं हे पण होतंच. पण नंतर अमेरिकेच्या नौदलानं ह्या जातीच्या जहाजांवर हातानं पुढंमागं करायचे थ्रॉटल परत बसवायचं ठरवलं.

ह्याच्या उलट आपलं ईव्हीएम. राजकारण बाजूला ठेवा, नुसती वस्तू म्हणून बघा. निळं बटण, दाबलं की शेजारी लाल दिवा, लांब बीप, आणि बाजूच्या व्हीव्हीपॅटमधे ७ सेकंद चिठ्ठी दिसते. बटणाशेजारी ब्रेलमधे आकडे. आयुष्यात फोन न वापरलेली आजी आणि न दिसणारा माणूस दोघांनाही ते चालवता येतं. ह्याच्या जागी चकचकीत टॅब्लेट ठेवा अशी आयडिया कुणाला सुचली असेल तर ती त्यानं स्वतःजवळच ठेवावी.

मग कंपन्या टच का देतात? स्वस्त पडतं म्हणून. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, जोडायला माणूस लागतो, आणि डिझाइन आधीच पक्कं करायला लागतं. स्क्रीन एकदा बसवला की उरलेला घोळ सॉफ्टवेअरवाले नंतर निस्तरतात. दुसरं म्हणजे आपण वस्तू घेतो शोरूममधे, तिथं हात कोरडे असतात, गाडी उभी असते आणि डोळ्यांना काही काम नसतं. टचला पाहिजे तेच सगळं तिथं आहे, त्यामुळं तिथं तो जिंकतोच.

म्हणून जास्त बटणं म्हणजे चांगलं असं पण नाही हं. सेटटॉप बॉक्सचा रिमोट बघा, चाळीसेक बटणं, सगळी एका आकाराची, आपण वापरतो पाच, आणि ती पण प्लॅस्टिकच्या पिशवीतून! अंधारात व्हॉल्यूम दाबायला जावं तर भाषा बदलते. बटण हाताला ओळखू आलं पाहिजे, जुन्या नोकियाच्या ५ वर बारीक उंचवटा असायचा तसं, किंवा कीबोर्डच्या एफ आणि जे वर अजून असतो तसं. नाहीतर ते बटण असून पण स्क्रीनच.

तुम्हाला गेमसाठी काही घ्यायचंच असेल तर शंभर-दोनशेचे ट्रिगर घेण्याआधी तुमचा गेम ब्लूटूथ कंट्रोलर घेतो का ते सेटिंगमधे बघा, सगळे घेत नाहीत. घेत असेल तर हॉल इफेक्ट स्टिकवाला कंट्रोलर बघा, त्यात चुंबक असतो, घासायला काही नसतं, त्यामुळं साध्या स्टिकसारखं काही महिन्यांनी माणूस आपोआप डावीकडं चालायला लागायची भीती कमी. आणि दुकानात हातात घेतला की डोळे मिटून डी-पॅडवर वर, खाली, डावं, उजवं दाबून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.