वाशीचा पूल नक्की कितवा?

प्रश्न: आम्ही कोपरखैरण्याला राहतो. बाबा म्हणतात आपण जातो तो वाशी पूल मूळचा नाहीच, पहिला पूल वेगळा होता. मग तो एवढ्यात म्हातारा कसा झाला? इंग्रजांचे दगडी पूल तर शंभर वर्षं टिकतात!

उत्तर: बाबा बरोबर आहेत. मुंबई आणि नवी मुंबई जोडणारा ठाणे खाडीवरचा पहिला पूल 1973 चा, त्याआधी रस्त्याने पुण्याला जायचं म्हणजे ठाण्याचा वळसा ठरलेला. दुसरा आला 1997 ला, म्हणजे तेव्हा पहिल्याला पंचवीस वर्षंही नव्हती झाली!

दुखणं होतं पोटात. पहिला पूल प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आधीच दाबून धरलेल्या काँक्रीटचा. घरी करून बघा, सात-आठ पुस्तकं एका ओळीत उभी धरा, दोन्ही टोकांना तळहात लावून घट्ट दाबा आणि अख्खी रांग उचला, मधलं एकही पडत नाही. पुलात तळहाताचं काम पोलादी केबल करतात, काँक्रीटमधल्या नळ्यांतून ओवून जॅकने ताणायच्या आणि मग नळीत सिमेंटचं ग्राऊट, म्हणजे पातळ मिश्रण, भरायचं. ते कुठे पोकळ राहिलं की खाडीचं खारं पाणी, खारी हवा आत शिरते आणि केबल गंजते. साध्या आरसीसीत, म्हणजे सळ्यांच्या काँक्रीटमध्ये, निदान स्लॅबचे पोपडे निघतात, तपकिरी ओघळ दिसतात, आपल्या सोसायट्यांमध्ये बघतोच की, पण नळीतल्या केबलचं बाहेरून काही कळत नाही. वर डांबर झकास आणि आत एकेक तार तुटतेय. पहिल्या पुलाच्या केबल अशाच गंजल्या.

दगडी पुलाचं म्हणाल तर कौतुक मलाही आहे, लोखंडच नाही तर गंजणार काय. पण महाडचा सावित्रीवरचा पूलही इंग्रजांच्या काळातला दगडीच ना, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला. त्यानंतरच आपला ठाण्याचा जुना कळवा पूल गाड्यांना बंद झाला.

आता तिसरा. त्याचं कारण साधं, ट्रॅफिक. दुसऱ्या पुलाच्या सहा लेन टोलनाक्यापाशी कशा तुंबायच्या ते तुम्हाला मी काय सांगू, म्हणून आणखी सहा बांधल्या, पुण्याकडे जाणाऱ्या तीन ऑक्टोबर 2024 ला सुरू झाल्या आणि मुंबईकडे येणाऱ्या तीन जून 2025 ला.

आणि हो, लोकलचा पूल यात धरलेला नाही, तो वेगळाच. वाशीला गाडी आली 1992 ला, बाबांना आठवत असेल.