‘जशास तसे’ नव्हे, सावड

मुलुंडच्या एका वाचकांनी विचारलंय : बिटटॉरेंट या इंटरनेटवरून एकमेकांना फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीत जो आपल्याला फाइलचे तुकडे देतो त्यालाच आपला संगणक तुकडे देतो. या ‘टिट फॉर टॅट’ला मराठीत ‘जशास तसे’ म्हणावं का? आणि नुसतं घेऊन पसार होणाऱ्याला काय म्हणावं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : फुकट्या.

‘जशास तसे’ मात्र कृपा करून नको. मुंबईतल्या आयटीवाल्यांच्या तोंडून सारखं ऐकतो आणि दर वेळी डोकं उठतं. जशास तसे म्हणजे उट्टं काढणं, ठोशास ठोसा. इथे सूड कुणाचा घेताय? ग्नुटेला या फाइली वाटण्याच्या जुन्या जाळ्याचा 2000 साली अभ्यास झाला, तेव्हा जवळजवळ 70 टक्के लोक एकही फाइल वाटत नव्हते. ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने 2001 साली आणलेल्या बिटटॉरेंटने यावर जो उपाय केला, त्याला आपल्याकडे नाव आहे : सावड.

भातलावणीला आज माझ्या घरची माणसं तुझ्या खाचरात, उद्या तुझी माझ्या. पैसा नाही, पण कोण आलं नि कोण फिरकलं नाही हे पक्कं ध्यानात. घाटावर यालाच पैरा म्हणतात. गिरणगावातल्या जुन्या चाकरमान्यांना विचारा. बिटटॉरेंटही दर 10 सेकंदांनी कोण किती देतंय ते बघतं, जास्त देणाऱ्या मोजक्यांना, सहसा चौघांना, पुरवठा चालू ठेवतं, बाकीच्यांचा रोखतं. शिवाय दर 30 सेकंदांनी एखाद्याला, त्याने काहीही दिलेलं नसलं तरी, संधी देतं. सावडीतही कुणाला तरी आधी दुसऱ्याच्या शेतावर जावंच लागतं. ‘जशास तसे’त हे कुठे बसवणार?

‘सावड’ला ‘साहाय्य’वरून ओढून आणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. ‘य्य’चा ‘ड’ कसा झाला, ते आधी सांगा! माझ्या मते मूळ ‘सावडणे’त आहे : विखुरलेलं वेचून गोळा करणं. अस्थी सावडताना भाऊबंद मिळून राखेतून एकेक अस्थी वेचतात. हात अनेक, रास एक. टॉरेंटची फाइल तरी वेगळी काय येते? तुकडे शेकडो संगणकांवर पसरलेले आणि ज्याच्या प्रती सर्वांत कमी, तो आधी वेचायचा. इतका नेमका शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

कुणी ‘इर्जिक’ सुचवेल. तिथे गावकरी एकाच्या शेतावर राबतात, तो जेवू घालतो, परतफेडीचा हिशेब राहत नाही. आपली फाइल पूर्ण झाल्यावरही संगणक चालू ठेवून इतरांना देत राहणाऱ्या ‘सीडर’साठी तो शब्द राखून ठेवा.