१० बाय १० च्या खोलीत मॉडेल रेल्वे मांडायची आहे, एचओ घ्यावा की एन?

तुम्ही लिहिलंय की वरच्या मजल्यावर १० बाय १० ची खोली मोकळी आहे, मधोमध ६ बाय ४ चा प्लायवूड टाकायचा बेत आहे आणि गाडी आपल्याच लाईनीवरची पाहिजे, राणी चन्नम्मा एक्सप्रेससारखी, जर्मन-जपानी नको. एचओ आणि एन हे मॉडेल रेल्वेचे दोन आकार, एन लहान. ही शेवटची अट असली तर एचओच घ्या. भारतीय इंजिन-डबे इथले छोटे मेकर बनवतात ते बहुतेक एचओतच, एनमध्ये तयार मिळणं लई अवघड. खरं तो ६ बाय ४ चा बेत सोडा, सगळी अडचण तिथंच आहे.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. आपला आयसीएफचा (चेन्नईच्या डबे कारखान्याचा) डबा २१.३ मीटरचा, तो एचओत साडेचोवीस सेंटिमीटर होतो आणि एनमध्ये साडेतेराच्या आत. आठ डबे आणि एक इंजिन जोडलं की एचओची गाडी सव्वादोन मीटरला जाते, आणि ६ बाय ४ वर १८ इंच रेडियसनं फेरा टाकला तर सगळा रूळ मिळून साडेचार मीटर, म्हणजे अर्धा फेरा गाडीनंच भरला, ती कुठून येते न् कुठं जाते काही वाटतच नाही. वळण त्याहून वाईट दिसतं. डब्याखालच्या चाकांच्या दोन गाड्यांमधलं (बोगींमधलं) अंतर एचओत १७ सेंमी येतं, १८ इंचाच्या वळणावर डब्याचा मधला भाग रुळाच्या मध्यापासून आठ मिमी आत सरकतो आणि टोकं बाहेर निघतात, डबा सगळा ३७ मिमी रुंद, त्यात आठ म्हणजे भरपूर झालं की.

पैसे घालायच्या आधी हे घरीच करून बघा. खडूला १८ इंच सुतळी बांधून फरशीवर अर्धगोल काढा, साडेचोवीस बाय पावणेचार सेंमीचे दोन पुठ्ठे कापा, प्रत्येकाच्या मधल्या रेघेवर १७ सेंमी अंतरावर दोन टाचण्या खुपसा आणि त्या टाचण्या खडूच्या रेघेवर येतील असे पुठ्ठे एकामागं एक ठेवा. मग सुतळी ३० इंच करून परत तेच. दोन्हीतला फरक बघितला की कुणाला विचारायला लागत नाही.

म्हणून माझं मत, मध्ये टेबल नको, भिंतीकडेनं दीड-दोन फुटी फळी फिरवा, कोपऱ्यात तिरके तुकडे जोडा म्हणजे ३० इंचाचं वळण आरामात बसतं, दारापुढं उचलून काढता येईल असा तुकडा ठेवा. जवळजवळ नऊ मीटरचा फेरा मिळतो आणि तुम्ही खोलीच्या मध्ये उभं राहून गाडी बघता, बेळगावात टिळकवाडीला रेल्वे गेट पडल्यावर बघतो तशी बाजूनं. मध्ये खुर्ची-टेबलला जागाही राहते.

फळी मिळणारच नसंल, ६ बाय ४ च पक्कं असंल, तर मात्र एन घ्या आणि भारतीय गाडीचा हट्ट सोडा. त्याच १८ इंचाच्या वळणावर एनचे लांब डबे बरे दिसतात आणि डोंगर-बोगद्याला जागा उरते, कॅसलरॉकसारखा घाट करायचा असंल तर ते महत्त्वाचं. खरा घाट १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर जाताना एक मीटर वर, मॉडेलमध्ये त्याच्यापेक्षा सौम्यच ठेवा नाहीतर लांब गाडी ओढत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. एचओचा १६.५ मिमी रूळ हा १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा आहे, आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, तो १:८७ मध्ये १९ मिमीच्या वर जातो. त्यामुळं भारतीय मॉडेल समोरनं बघितलं तर रूळ अरुंद वाटतो, बाजूनं काही कळत नाही, बहुतेक लोक तसंच चालवतात. आणि मिरज-लोंढा लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज व्हायच्या आधीची मीटरगेज करायची असंल तर एचओलाच १२ मिमीचा रूळ लागतो, त्यावरची इंजिनं बरीचशी हातानं बनवावी लागतील, सुरुवात तिथनं करू नका.

पुण्याला जाणं झालं तर कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून चालू आहे, तिथं एचओ चालताना बघून या.

रूळ घेताना निकेल सिल्व्हरचाच घ्या, बेळगावच्या पावसाळ्यात स्टीलचा गंजतो. प्लाय दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही रंगवा, कडेतनंच ओल आत शिरते. आणि परदेशी सेट आला तर प्लग लावायच्या आधी पॉवरपॅकवरचं (रुळाला वीज देणाऱ्या डबीवरचं) इनपुट वाचा. अमेरिकन १२० व्होल्टचा, जपानी १०० चा असतो, आपल्या २३० मध्ये थेट घातला तर जळतोय.