ते ब्रह्म, तो ब्रह्मा

प्रश्न असा आलाय: "सांगलीत विश्रामबागेतल्या एका खाणावळीच्या भिंतीवर 'अन्न हे पूर्णब्रम्ह' असं रंगवलंय. ब्रह्म की ब्रम्ह? आणि हा ब्रह्म म्हणजे ब्रह्मदेवच ना?"

लिहायचं 'ब्रह्म'. आधी ह, मग म. मराठी जिभेवर म आधी येतो आणि पेंटर कानाने लिहितो, त्याला नावं ठेवू नका. 'चिह्न'चं 'चिन्ह', 'प्रह्लाद'चा 'प्रल्हाद' आपण असाच केला आणि तो रूढही झाला. ब्रह्माला तेवढी सूट मिळाली नाही.

आता हेच 'ब्रह्माला' बघा. कुणाला? ब्रह्म नपुंसकलिंगी, ते ब्रह्म; ब्रह्मा पुल्लिंगी, तो ब्रह्मा. पण प्रत्यय लागला की दोघंही 'ब्रह्माने', 'ब्रह्माचं'. तुमची गल्लत इथलीच आहे. म्हणून तर बोलताना आपण देवाला ब्रह्मदेव आणि दुसऱ्याला परब्रह्म म्हणून मोकळे होतो.

संस्कृतातही मूळ शब्द एकच, ब्रह्मन्. धातू बृह्, म्हणजे वाढणं. वेदांमध्ये ब्रह्मन् म्हणजे मंत्र, स्तोत्र. उपनिषदांत मात्र ज्यातून सगळं उपजतं, ज्यावर जगतं आणि ज्यात विरतं, ते ब्रह्म. ब्रह्मदेवाला चार तोंडं आहेत, पुष्करला देऊळ आहे. त्या दुसऱ्याला ना तोंड ना देऊळ, म्हणून ते 'ते'. (ब्रह्मघोटाळ्यात यातलं कुणीच नाही. तिथे ब्रह्म म्हणजे नुसतं प्रचंड.)

पाटीवरचं ब्रह्म नपुंसकलिंगी, ब्रह्मदेव नव्हे. ओळ जेवणाआधीच्या श्लोकातली, पण कल्पना जुनी. तैत्तिरीय उपनिषदात भृगू वडिलांना, वरुणाला, म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण म्हणतो, तप कर आणि शोध. भृगूला पहिल्यांदा सापडतं ते अन्न: 'अन्नं ब्रह्मेति व्यजानात्'. तो परत येतो, वडील पुन्हा तपाला पाठवतात. मग प्राण, मन, विज्ञान (इथे अर्थ जाण, बुद्धी) आणि शेवटी आनंद. म्हणजे तिथे अन्न ही पहिली पायरी. 'पूर्ण' हे श्लोकाचं. पण आनंदापर्यंत पोचल्यावरही उपनिषद अन्नाकडे वळतं आणि बजावतं, 'अन्नं न निन्द्यात्', अन्नाला नावं ठेवू नये. भाकरी आणि अख्खा मसूर समोर आल्यावर मला तरी हेच वाक्य जवळचं वाटतं.

मालकांना सांगायचंच असेल तर जेवण झाल्यावर सांगा. पुढच्या वेळी रंगवताना म ह-च्या पोटात घालायचा, एवढंच.