पैसे पाठवण्याआधी

ताई, तुमचा माणूस अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगात आहे ना, तर आधी त्याचा आठ आकडी रजिस्टर नंबर, म्हणजे कैदी नंबर, पाठ करा. तिथे नाव दुय्यम, नंबरच खरा. मनी ऑर्डर तुरुंगाच्या पत्त्यावर नाही, आयोवातल्या डे मॉइनच्या ठरलेल्या पोस्ट बॉक्सवर जाते. पाकिटात चिठ्ठी, फोटो घालू नका, ते त्याला मिळत नाहीत. मी पहिल्यांदा भावाला राखी घातली होती! रोख आणि वैयक्तिक चेक चालत नाहीत. घाई असेल तर वेस्टर्न युनियन या पैसे पाठवणाऱ्या कंपनीतर्फे पाठवा. दिवसा पाठवलेले काही तासांत जमा होतात.

जेवण तिथे फुकटच असतं. कॅन्टीनचे, म्हणजे तुरुंगातल्या दुकानाचे, पैसे लागतात साबण, चपला, कॉफी, फोन, पोस्टाची तिकिटं अशा गोष्टींना. म्हणून दर महिन्याला थोडे, पण नेमाने पाठवा. एकदम मोठी रक्कम टाकलीत आणि त्याच्यावर कोर्टाची भरपाई बाकी असेल, तर भरपाईचा हप्ता वाढू शकतो, कारण तो ठरवताना गेल्या सहा महिन्यांची जमा बघतात.

आणि 'दुसऱ्याच्या खात्यात टाक' असा निरोप आला, तर अजिबात टाकू नका. बहुधा कुणीतरी त्याला दमात घेतलेलं असतं. बदली झाली तरी घाबरू नका, फेडरलमध्ये खातं त्याच्यासोबत जातं. काउंटी जेलचं, म्हणजे स्थानिक तुरुंगाचं, मात्र सगळं वेगळं.