पेंटरला आधी नको म्हणा

प्रश्न : आजेसासूबाईंचं हाताने फिरवायचं सिंगर शिलाई मशीन माझ्याकडे आलंय. क्रमांक ‘वाय’ अक्षराने सुरू होतो, मॉडेल 66के. कमळाची सोनेरी नक्षी आहे, पण तिच्यावर पिवळट थर चढलाय. बेडची (मशीनच्या सपाट तळाची) पुढची कड निस्तेज झालीय, दोन-तीन टवकेही उडालेत. पेंटर म्हणतो, घासून ड्युको (स्प्रेने मारायचा चकचकीत रंग) मारून देतो. असलं काम मी कधी केलेलं नाही. स्वतः करू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, करा. पेंटरला मात्र आजच नको म्हणून कळवा.

तुमचं मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, 1920-30च्या दशकांतलं. बिडाच्या अंगावर डांबरयुक्त काळा रंग भट्टीत भाजून बसवलेला, त्यावर नक्षी आणि सगळ्यावर पारदर्शक लाखेचा पातळ हात. निस्तेज दिसतो तो बहुतेक वेळा हा वरचा हात. खालचा काळा रंग शाबूत असतो. पेंटरने एकदा पॉलिश पेपर फिरवला की कमळं गेलीच.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांपैकी काहीही साफसफाईला घेऊ नका. काच पुसायचं अमोनियावालं पाणी तर नक्षीच्या जवळपासही नको, सोनेरीचं रुपेरी होतं.

थर निघतो साध्या, पातळ मशीन ऑइलने. आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात करून बघा. कापसाच्या बोळ्यावर तेल घेऊन दोन बोटं रुंदीच्या जागेवर हलक्या हाताने गोल फिरवा, तेल रात्रभर राहू द्या, सकाळी जुन्या सुती कापडाने टिपा. बोळा पिवळा, तपकिरी निघेल. ते जुनं चिकटलेलं तेल. (आपल्याकडे मशीनला खोबरेल घालणारे कमी नाहीत. ते थंडीत थिजतं आणि धुळीशी मिळून चिक्की होते.) बोळ्यावर सोनेरी कण दिसले तर तिथेच थांबा. नक्षीच्या रेघांत लालसर काही दिसलं तर घाबरू नका, खंडेनवमीचं कुंकू असेल. तेही तेलानेच, घाई न करता. पुढच्या वर्षी पूजा जरूर करा, पण ओला हार मशीनवर रात्रभर ठेवू नका. गंज तिथूनच धरतो.

एवढ्याने निम्मं तेज परत येतं. नक्षीवर नवशिक्याने इथेच थांबावं आणि घासणारी पावडर नसलेलं मेण लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लाखेचा हात द्यायचा तो फक्त बेडच्या कडेला, जिथे कापड घासून घासून लाख गेलीय.

त्यासाठी 100 मिली स्पिरिटला 12 ग्रॅम चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या) रात्रभर भिजवा आणि गाळून घ्या. बेडवरचं तेल पूर्ण पुसलेलं हवं. कापसाचा गोळा सुती कापडात बांधून बोळा करा, लाखेत भिजवून पिळा; हातावर दाबला तर ओलावा लागावा, थेंब पडू नये. बोळ्याच्या तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. मग चालता हात ठेवून फिरवा. बोळा एका जागी थांबला की खालची लाख उचलून येते आणि चट्टा पडतो. ओल्या जागेवर पुन्हा जायचं नाही. असे पातळ हात सुकवून सुकवून द्या. टवक्यांत आधी त्याच लाखेत काजळी कालवून बारीक ब्रशने भरा. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते. दिवाळीनंतर करा, खिडक्या उघड्या ठेवून, गॅसपासून लांब.

प्रश्न : शिलाई मशीनच्या फेसप्लेटवरचा (सुईच्या बाजूच्या धातूच्या झाकणावरचा) गंज ब्रासोने काढू का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : प्लेट मशीनवरून उतरवून काढा. ब्रासोत अमोनिया असतो, काळ्या रंगावर लागला तर तुमचंच नुकसान. आधी रॉकेलमध्ये भिजवा, मग अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलकेच फिरवा, ब्रासो शेवटी. निकेलचा मुलामाच उडाला असेल तर घासून उपयोग नाही, प्लेटिंगवाल्याकडे द्यावी लागेल. काढलेला स्क्रू मात्र डबीत जपून ठेवा. सिंगरचे आटे वेगळे असतात, हार्डवेअरच्या दुकानात तो जोडीला मिळत नाही.